पत्र्याच्या पेटीतली शिष्यवृत्ती

ऑगस्ट महिन्यात कॉलेजच्या ऑफिसबाहेर रांग लागते. त्या रांगेतल्या जवळपास प्रत्येकाच्या हातात महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाचा प्रिंटआऊट असतो आणि तोंडी एकच प्रश्न असतो : "मॅडम, महाडीबीटीवर फॉर्म भरलाय, आता अजून काही करायचं असतं का?" शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसायला लागल्यापासून मी या प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देते. घरी कोण काय काम करतं? गाव कुठलं? राहता कुठे? शेती किती? मुलं आधी बावचळतात. फॉर्मचा आणि वडिलांच्या कामाचा काय संबंध, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मागे एकदा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी आली होती. वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात म्हणाली. मी विचारलं, "बांधकाम कामगाराचं कार्ड काढलंय का त्यांनी?" ती हसली. "हो, त्यावर भांडी मिळाली ना आम्हाला." महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं ते कार्ड गावोगाव भांड्यांच्या संचामुळे माहीत झालं आहे. पण त्याच मंडळाकडून नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी दरवर्षी पैसे मिळतात. पदवीच्या प्रत्येक वर्षाला २० हजार रुपये, इंजिनिअरिंगला ६० हजार, मेडिकलला १ लाख. अकरावी-बारावीलाही वर्षाला १० हजार. या मुलीची अकरावी, बारावी आणि एफ.वाय. अशी तीन वर्षं निघून गेली होती. भांड्यांची पेटी मात्र माळ्यावर व्यवस्थित होती.

ही रक्कम कुणाच्या दयेवर येत नाही. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो आणि तो या कामगारांच्या कल्याणासाठीच राखून ठेवलेला असतो. वयाची १८ ते ६० वर्षं आणि आधीच्या वर्षभरात बांधकामावर किमान ९० दिवस काम, एवढी नोंदणीची मुख्य अट आहे. नोंदणीचं नूतनीकरण करत राहावं लागतं, आणि तिथेच बरेच जण अडकतात. कार्ड असतं, पण त्याची मुदत संपलेली असते.

शिष्यवृत्ती शोधायची म्हणजे मोबाइलवर 'टॉप टेन स्कॉलरशिप' असं टाकायचं, हा आता सर्रास झालेला समज मला मोडावासा वाटतो. त्या याद्यांत देशभरातल्या लाखो मुलांसाठीच्या योजना असतात आणि तुमचा नंबर त्या गर्दीत लागायचा असतो. तुमच्या नावाला खरोखर चिकटलेला पैसा असतो तो तुमच्या गावाला, जातीच्या दाखल्याला, आईवडिलांच्या कामाला, सातबाऱ्याला आणि कॉलेजला बांधलेला. म्हणून सुरुवात करायची ती घरातल्या त्या पत्र्याच्या पेटीपासून किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीपासून, जिथे घरचे सगळे कागद असतात.

वडिलांची पगाराची स्लिप काढा. जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर एलडब्ल्यूएफ किंवा एमएलडब्ल्यूएफ अशी अक्षरं दिसतील आणि त्यापुढे काही रुपयांची किरकोळ कपात. ती कपात महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते. १९५३च्या कायद्याने उभा राहिलेला हा निधी आहे आणि त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. कारखान्यात, दुकानात, बँकेत पंचवीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या पालकांनी ही कपात भरलेली असते आणि मुलाचा अर्ज कधीच गेलेला नसतो. आई विड्या वळत असेल, जशा सोलापूर किंवा सिन्नर भागात आजही वळतात, तर केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठीची योजना आहे. वडील सैन्यातून निवृत्त झाले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन यायलाच हवं. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत माजी सैनिकांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणासाठी महिन्याला ३ हजार आणि मुलांना अडीच हजार रुपये मिळतात.

सातबारा काढा. जमीन थोडी असेल तर तहसीलमधून अल्पभूधारक असल्याचा दाखला मिळतो. तो कागद डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची किल्ली आहे. गाव सोडून शहरात व्यावसायिक शिक्षणासाठी आलेल्या, अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना राहण्या-जेवण्यासाठी हा भत्ता असतो. फी माफ झाली तरी मेसचं बिल माफ होत नाही, आणि मुलं शिक्षण सोडतात ती बहुतेकदा मेसच्या बिलापायी. मला वाटतं, शिष्यवृत्तीकडे बघताना हे दोन खिसे वेगळे ठेवायला हवेत : एक फीचा, दुसरा जगण्याचा. एकाच कारणासाठी दोन सरकारी योजनांचे पैसे सहसा मिळत नाहीत. पण फी एका योजनेतून आणि निर्वाह भत्ता दुसरीतून, हे बसतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी फी आणि पंजाबराव देशमुख योजनेतून राहण्याचा भत्ता, अशी जोडी कितीतरी मुलांची जमते. शाहू महाराज शिष्यवृत्तीला जुनी माणसं अजून 'ईबीसी'च म्हणतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी ती आहे, आणि ८ लाख हा आकडा ऐकून "आपल्याला नाही बसणार" असं म्हणणारे काही पालक प्रत्यक्षात यात बसतात.

मुलींच्या बाबतीत २०२४च्या जुलैमध्ये मोठा बदल झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के माफ झालं. यातला 'शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क' हा शब्दप्रयोग नीट वाचावा. वसतिगृह, खानावळ, बस आणि कॉलेजची इतर काही शुल्कं त्यात येत नाहीत. दुसरं असं की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. घाईघाईत मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ही दारं बंद होतात. पहिल्या फेरीत हवं ते कॉलेज मिळालं नाही म्हणून घाबरून कोट्यात पैसे भरणाऱ्या घरांना त्या एका दुपारी कुणीतरी हे सांगायला हवं होतं, असं मला दरवर्षी वाटतं.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आतापर्यंत सांगितलेल्या योजनांत वयाने सगळ्यात मोठी. ती स्वातंत्र्याच्या आधीची, १९४४ सालची. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. फीबरोबरच निर्वाह भत्ताही त्यात असतो, वसतिगृहात राहणाऱ्याला घरून येणाऱ्यापेक्षा जास्त. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं तर 'फ्रीशिप' नावाची वेगळी योजना आहे, तिच्यात फी मिळते, भत्ता मिळत नाही. बेळगावला किंवा पणजीला शिकणाऱ्या पण मूळ महाराष्ट्रातल्या मुलांनी लक्षात ठेवायचं ते हे की मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ रहिवासाचं राज्य देतं, शिकण्याचं राज्य नव्हे.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून निराश होऊन बसलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना त्याच कारणासाठी आहे : वसतिगृहाला पात्र आहे, पण जागा मिळाली नाही. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये. त्यात भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार असा हिशेब असतो. लहान शहरांत रक्कम कमी होत जाते. आदिवासी मुलांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, आणि इतर मागास, भटक्या विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अलीकडे आली. 'महाडीबीटी भरलं' म्हणजे या योजना भरल्या असं होत नाही. त्यांचे अर्ज वेगळे असतात आणि सामाजिक न्याय, आदिवासी किंवा बहुजन कल्याण विभागाच्या जिल्ह्यातल्या कार्यालयांशी जाऊन बोलावं लागतं. वसतिगृहाची यादी लागली की त्याच आठवड्यात तिथे जावं.

महाडीबीटीच्या यादीत खाली खाली गेलं तर एक नाव सापडतं, ते वाचून मी पहिल्यांदा थबकले होते : दक्षिणा अधिछात्र शिष्यवृत्ती. ही दक्षिणा पेशवाईतली. श्रावणात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना ती वाटली जायची. इंग्रजी अंमल आल्यावर त्या निधीचा काही भाग १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला. मग १८४९मध्ये लोकहितवादींसारख्या पुण्यातल्या सुधारकांनी सरकारला अर्ज दिला की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही मिळावा. त्या अर्जावरून शहरात मोठं वादळ उठलं. पुढे याच निधीतून कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले, आणि न्यायमूर्ती रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. एका जातीला मिळणारं दान कुणीतरी अर्ज करून, वाद ओढवून घेऊन सगळ्यांच्या शिक्षणाकडे वळवलं. त्या नावाशेजारच्या 'अर्ज करा' या बटणामागे एवढा इतिहास आहे.

आता अगदी जवळचं. राज्य आणि केंद्र सगळ्यांना दिसतं, महानगरपालिका दिसत नाही. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना दहावीनंतर मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाने १५ हजार आणि बारावीनंतर लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने २५ हजार रुपयांचं शैक्षणिक साहाय्य मिळतं. सर्वसाधारण गटाला ८० टक्के गुण लागतात, मागासवर्गीय, पालिका शाळा, रात्रशाळा अशा गटांना कमी. इथे जात किंवा गरिबी हा मुख्य निकष नाही, पत्ता हा आहे. हद्दीच्या पलीकडच्या सोसायटीत राहणाऱ्याला ते मिळणार नाही. तुमच्या शहरात असं काही आहे का, हे पालिकेच्या समाजविकास विभागात किंवा वॉर्ड ऑफिसात विचारल्याशिवाय कळत नाही. खेड्यात असाल तर जिल्हा परिषदेच्या सेस फंडात डोकवा. स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा मागासवर्गीय कल्याण, महिला व बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी खर्च करणं जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतीला बंधनकारक असतं. तो कशावर खर्चायचा ते दरवर्षी ठरतं, म्हणून ग्रामसभेत कुणी मुलांच्या शिक्षणाचं नाव काढलं तर तो तिकडे वळू शकतो. नाही काढलं तर खुर्च्या आणि सतरंज्या येतात.

सरकारबाहेरचा पैसा शोधणं आणखी अवघड, कारण त्याची जाहिरात नसते. महाराष्ट्रात शिकणाऱ्याला जेवू घालण्याची जुनी पद्धत होती. वार लावून जेवणं, माधुकरी मागणं यांवर पुण्यात पिढ्या शिकल्या, पण ती पद्धत सगळ्या जातींना खुली नव्हती. तिची जागा पुढे संस्थांनी घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कल्पनेतली 'कमवा आणि शिका' योजना आज विद्यापीठांत आणि कॉलेजांत आहे : ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत काही तास काम आणि त्याचे पैसे. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांत खेड्यातल्या गरजू मुलांची अल्प खर्चात सोय होते. मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन आहे. परदेशी शिकायचं असेल तर १८९२ साली जमशेटजी टाटांनी स्थापन केलेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट आहे, जयंत नारळीकर त्याच्याच मदतीने केंब्रिजला गेले. ती मदत कर्जाऊ असते, हे आधीच माहीत असावं.

ही मोठी नावं. पण मी जिच्यावर जास्त भरवसा ठेवते ती लहान पातळी आहे. ज्ञाती मंडळ, गावच्या मुंबईकरांचं मंडळ, आजोबांचं खातं असलेली पतपेढी, सहकारी बँक, वडील ऊस घालतात तो साखर कारखाना, दूध संघ, शेजारचं देवस्थान. यातले कितीतरी सभासदांच्या मुलांना बक्षीस किंवा मदत देतात आणि अर्ज येत नाहीत म्हणून तो पैसा तसाच राहतो. इथे पोर्टल नसतं. साध्या कागदावर नाव, गाव, वर्ग, गुण, घरचं उत्पन्न, नेमकी किती रक्कम कशासाठी हवी हे लिहून, मार्कशीट आणि बोनाफाइड जोडून जून-जुलैत स्वतः जाऊन द्यायचं. 'शिक्षणासाठी मदत व्हावी' असं मोघम लिहू नये. 'दुसऱ्या सत्राच्या मेसचे इतके रुपये कमी पडत आहेत' असं लिहावं. देणाऱ्याला त्याचा पैसा कुठे जाणार ते दिसलं की तो देतो. जिल्ह्यात शैक्षणिक हेतूचे कोणते न्यास नोंदलेले आहेत हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदींवरून कळतं.

बारावीत चांगले गुण असतील तर केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरही नोंद करावी. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीत बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमधल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना पदवीची पहिली तीन वर्षं वर्षाला १२ हजार आणि नंतर पदव्युत्तरला वर्षाला २० हजार मिळतात. तंत्रशिक्षणातला डिप्लोमा किंवा डिग्री करणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती योजना वर्षाला ५० हजारांची आहे. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या आणि बोर्डात पहिल्या १ टक्क्यात आलेल्यांनी इन्स्पायर शिष्यवृत्ती बघावी.

योजना सापडते, अर्जही जातो, आणि पैसे येत नाहीत. यामागे बहुतेकदा दोन-तीन कारणं असतात. पहिलं, बँक खातं. मुलं फॉर्ममध्ये पासबुकवरचा नंबर लिहितात आणि निश्चिंत होतात. पण थेट लाभाचे पैसे जातात ते आधार क्रमांक सगळ्यात शेवटी ज्या खात्याशी जोडला गेला त्या खात्यात. मग ते शाळेने पाचवीत काढून दिलेलं, केवायसी न झाल्यामुळे बंद पडलेलं खातं असो किंवा मोबाइल दुकानात सिम घेताना अंगठा देऊन नकळत उघडलेलं एखादं पेमेंट बँकेचं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहता येते. अर्ज भरण्याआधी ती पाहावी, आणि चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा अर्ज द्यावा. नुसतं केवायसीला आधार देणं आणि थेट लाभासाठी आधार जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काउंटरवर ठासून सांगावं लागतं.

दुसरं, दाखले. ऑगस्टमध्ये सेतू केंद्रात जाणं म्हणजे यात्रेच्या दिवशी दर्शनाला जाणं. बारावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल ही कामं सुरू करावीत. नॉन-क्रिमिलेअरला तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे लागतात. जात पडताळणीचा अर्ज तर अकरावीतच टाकावा, कारण समितीकडे वेळ जातो आणि व्यावसायिक प्रवेशाच्या वेळी पावती घेऊन फिरण्याची पाळी येते. सगळ्या कागदांवरचं नाव सारखं आहे ना, एवढं मात्र आधी बघावं. दहावीच्या मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरं, इतक्यावरून अर्ज परत येतात.

आणि अर्ज परत येतात ते मूकपणे. पोर्टलवर तो 'सेंड बॅक' दिसतो, एसएमएस आलाच तर सायबर कॅफेवाल्याच्या नंबरवर येतो, कारण नोंदणी त्याच्या मोबाइलवरून झालेली असते. म्हणून नंबर स्वतःचा द्यावा आणि युजर आयडी, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, मग जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे जातो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून तो कुठल्या टप्प्यावर थांबलाय ते बघावं आणि त्याच टेबलावर जाऊन विचारावं. काही योजनांत फीचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो ठरलेल्या दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरी खर्चाची निकड असतेच, पण ती रक्कम फीची आहे की भत्त्याची, हे त्या दिवशीच ऑफिसात विचारून घ्यावं. कोणत्याही सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जाला शुल्क नसतं. 'मंजूर झाली आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी घरचे सगळे मागे लागलेले असतात, दाखले नवे असतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज आपोआप होतो असं मुलांना वाटतं. तो होत नाही. मागच्या वर्षीची मार्कशीट अपलोड करून पुन्हा अर्ज करावा लागतो, उपस्थितीची अट असते, उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपलेला असतो. त्या सेंट्रिंगवाल्या बाबांच्या मुलीचा अर्ज आम्ही त्या वर्षी भरला, एस.वाय.चे २० हजार तिला मिळाले. टी.वाय.च्या जूनमध्ये ती आपण होऊन आली, वडिलांच्या कार्डाच्या नूतनीकरणाची पावती घेऊन, आणि तिच्याबरोबर वडील काम करतात त्या साइटवरच्या आणखी चार कामगारांची मुलं होती.